परदेशी कर्जाच्या प्रकल्पात ग्रामपंचायतीला नेमकं कधी विचारतात?

बालाघाटकर:

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातल्या एका छोट्या ग्रामपंचायतीचा सदस्य आहे, पहिलीच टर्म आहे. आमच्याकडे एका आंतरराष्ट्रीय बँकेच्या कर्जातून एक योजना येतेय, पाणी आणि शेती दोन्हीशी संबंधित. गावाचं आणि योजनेचं नाव मुद्दाम टाकत नाही. मागच्या महिन्यात सल्लागार कंपनीची माणसं आली, समाजमंदिरात मीटिंग झाली, प्रोजेक्टरवर स्लाइड्स दाखवल्या, त्यातल्या अर्ध्या इंग्रजीत, मग चहा झाला, हजेरीपटावर सह्या घेतल्या, फोटो काढले आणि गेली. मी विचारलं की आमच्या गावाला शेततळ्यांपेक्षा जुना पाझर तलाव दुरुस्त करून हवाय, ते बसेल का यात, तर उत्तर मिळालं की घटक आधीच ठरलेत, तुमची सूचना नोंदवून घेतो.

मला राग कुणा एका माणसाचा नाहीये, ती पोरं त्यांचं काम करत होती. पण प्रश्न असा पडला की एवढ्या मोठ्या कर्जाचं ठरतं कुठे आणि त्यात ग्रामपंचायत नावाची घटनेने दिलेली संस्था कोणत्या टप्प्यावर बसते? कागदावर सगळीकडे लोकसहभाग लिहिलेलं असतं. दुसरं म्हणजे आमच्या भागात एक चांगली सामाजिक संस्था आहे, ते म्हणतात आमच्यामार्फत बोला, आमचं वर ऐकतात. पण मग निवडून आलेल्या लोकांचं काय, संस्थेचं ऐकतात आणि आमचं ऐकत नाहीत हे बरोबर आहे का? ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा, कितीही लांब असलं तरी वाचतो.

निवृत्त_पाणीपुरवठा:

बालाघाटकर, प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. मी जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात बरीच वर्षं होतो, परदेशी कर्जाच्या दोन योजना आतून बघितल्यात, त्यामुळे लिहितो.

आधी ठरतं कुठे ते. घटनेच्या कलम 293 प्रमाणे राज्य सरकारला कर्ज काढता येतं ते देशाच्या आतच. बाहेरून कर्ज घ्यायचं तर ते केंद्र सरकार घेतं, दिल्लीत अर्थ मंत्रालयाचा आर्थिक व्यवहार विभाग आहे तिथून सगळं जातं. म्हणजे राज्याचं खातं प्रस्ताव करतं, तो दिल्लीला जातो, मग बँकेची माणसं येऊन पाहणी करतात, मूल्यमापन होतं, वाटाघाटी होतात, बँकेच्या संचालक मंडळात मंजुरी आणि मग सह्या. या सगळ्या साखळीत ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद कुठेच सही करणारी नाही. घटक, निकष, प्रति गाव खर्चाची मर्यादा हे सगळं मूल्यमापनाच्या वेळेला पक्कं होऊन बसतं. तुमच्याकडे जी मीटिंग झाली ती त्यानंतरची असणार, म्हणजे वरातीमागून घोडं. म्हणून तुमची सूचना 'नोंदवली' जाते, प्लॅनमध्ये येत नाही.

पण सगळंच काळं नाही. जलस्वराज्य आठवत असेल, 2003 ते 2009, जागतिक बँकेचं सुमारे 18 कोटी डॉलरचं कर्ज, 26 जिल्हे. पुणे, नगर, औरंगाबाद या तीन जिल्ह्यांत त्याच धर्तीवर जर्मन बँकेच्या म्हणजे केएफडब्ल्यूच्या मदतीने 'आपलं पाणी' चाललं. त्याआधी आमच्या खात्यात पद्धत अशी होती की इंजिनिअरने योजना आखायची, ठेकेदाराने बांधायची आणि गावाला किल्ली द्यायची. जलस्वराज्यमध्ये उलटं केलं. गावाने आधी मागणी करायची, ग्रामसभेत ठराव करायचा, खर्चाच्या 10 टक्के लोकवर्गणी भरायची, आदिवासी भागात 5 टक्के, आणि पैसे थेट गावच्या पाणीपुरवठा समितीच्या खात्यावर. आधी महिला ग्रामसभा, मग मोठी ग्रामसभा. सामाजिक लेखापरीक्षण समिती वेगळी. मी स्वतः बघितलंय, ज्या बायका कधी चावडीवर चढल्या नव्हत्या त्या पाइपाचा दर तीन दुकानांत विचारून आल्या आणि ठेकेदाराला म्हणाल्या, तू जास्त लावलास. ते दृश्य मी विसरणार नाही. पैसा कुणाच्या खात्यात आहे यावर माणसाचा आवाज किती चढतो ते ठरतं, हे मी तिथे शिकलो.

खटकलं काय ते पण सांगतो. समिती आणि ग्रामपंचायत यांच्यात धुसफूस असायची. सरपंच म्हणायचा निवडून मी आलोय आणि चेकबुक दुसऱ्याकडे. गावात गट असले की समिती एका गटाची आणि पंचायत दुसऱ्या गटाची असं व्हायचं. प्रकल्प संपला की सहाय्यकारी संस्था निघून गेल्या, समितीचा उत्साह ओसरला, वीजबिल आणि दुरुस्ती आली ग्रामपंचायतीच्या गळ्यात, ज्या पंचायतीला पाच वर्षं बाजूला ठेवलं होतं तिच्याच. माझ्या तालुक्यात ज्या गावांत पंचायतीला पहिल्यापासून धरून काम झालं तिथल्या योजना जास्त टिकल्या, हे माझ्या डोळ्यासमोरचं आहे.

शहादा_रोड:

काकांनी पद्धत सांगितली, मी जरा मागे जातो कारण लोकांना विचारायची जी काही थोडीफार सोय आज जागतिक बँकेत आहे ती आमच्या भागातल्या माणसांमुळे आलीय आणि हे महाराष्ट्रातल्या लोकांनाच माहीत नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सरदार सरोवरसाठी बँकेने 1985 मध्ये 45 कोटी डॉलरचा करार केला. लक्षात घ्या, आपल्याच केंद्र सरकारची पर्यावरण मंजुरी आली 1987 मध्ये, ती पण सशर्त. म्हणजे कर्ज आधी, अभ्यास नंतर. महाराष्ट्रातली 33 गावं बुडणार होती, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली, तेव्हा धुळे जिल्हा होता, नंदुरबार 1998 ला झाला. मणिबेली हे पहिलं. त्या गावातल्या लोकांना करार झाला तेव्हा कुणी विचारलं होतं? बऱ्याच जणांच्या जमिनी महसूल कागदावर नव्हत्याच, पिढ्यानपिढ्या कसत होते ती वनजमीन, मग प्रकल्पग्रस्त म्हणून मोजायचं कुणाला इथूनच भांडण सुरू.

आंदोलन झालं ते सगळ्यांना माहितीये, मेधाताई, उपोषणं, लाठीमार. पण गोष्ट पुढे महत्त्वाची आहे. बँकेला 1991 मध्ये स्वतःच्याच प्रकल्पाची स्वतंत्र चौकशी लावायला लागली, ब्रॅडफर्ड मोर्स अध्यक्ष, सोबत थॉमस बर्जर. जून 1992 ला अहवाल आला, त्यात स्पष्ट म्हटलं की आहे त्या परिस्थितीत पुनर्वसन शक्य नाही आणि बँकेने मागे सरून विचार करावा. बँकेने सहा महिने मुदत देऊन अटी घातल्या, त्या पूर्ण होत नाहीत दिसल्यावर मार्च 1993 अखेरीला भारत सरकारनेच सांगितलं की उरलेलं कर्ज नको. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेने तपासणी मंडळ स्थापन केलं, म्हणजे इन्स्पेक्शन पॅनेल. जगातल्या कुठल्याही देशातले दोन माणसं जरी प्रकल्पाने बाधित असली तरी थेट तिथे तक्रार करू शकतात. पहिलं प्रकरण नेपाळचं होतं, अरुण धरणाचं, आणि 1995 ला बँक त्यातून बाहेर पडली. मणिबेलीच्या लोकांना स्वतःला त्या मंडळाचा काही उपयोग झाला नाही, त्यांचं गाव बुडालं. पण नेपाळच्या लोकांना झाला. 1994 ला जगभरच्या तीनशेवर संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसे देऊ नयेत म्हणून जाहीरनामा काढला त्याला नाव दिलं मणिबेली जाहीरनामा.

आणि अजून एक, तारखा बघा. बँक मार्च 1993 अखेरीला बाहेर. 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली 24 एप्रिल 1993 ला. म्हणजे ज्या काळात या गावांबद्दल वॉशिंग्टनमध्ये अहवाल वाचले जात होते त्या काळात त्यांच्या ग्रामसभेला घटनेत जागाच नव्हती. आता आहे. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा 1996 चा, महाराष्ट्राचे नियम 2014 चे, अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत बंधनकारक. तेव्हाच्या लोकांकडे फक्त अंगावर काठ्या झेलण्याची तयारी होती, आपल्याकडे कायदा आहे आणि तरी आपण हजेरीपटावर सही करून घरी जातो.

मानखुर्दवाली:

संस्थेमार्फत बोलावं का या तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते कारण त्याची किंमत आम्ही मोजलीय.

मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प, ज्याला सगळे एमयूटीपी म्हणतात, त्याला जागतिक बँकेने 2002 मध्ये कर्ज मंजूर केलं, 54 कोटी डॉलरच्या आसपास. लोकलच्या रुळांलगतच्या झोपड्या आणि जोगेश्वरी विक्रोळी, सांताक्रूझ चेंबूर या जोडरस्त्यांच्या वाटेत येणारी घरं दुकानं हलवायची होती, लाखभर माणसं. पुनर्वसनाचं काम, म्हणजे सर्वे करणं, यादी बनवणं, लोकांना समजावणं, सोसायट्या बांधणं हे सगळं सामाजिक संस्थांकडे दिलं होतं. आता हे वाचायला छान वाटतं की बघा सिव्हिल सोसायटीला केवढं मोठं स्थान. आणि रेल्वेच्या बाजूला काही ठिकाणी ते चांगलं झालं पण, तिथे वस्तीतल्या बायकांच्या गटांनी स्वतः झोपड्या मोजल्या होत्या, स्वतः बचत केली होती, हलायच्या आधी जागा बघून आल्या होत्या, बुलडोझर न लावता हजारो कुटुंबं हलली, हे मुंबईत कधी झालं नव्हतं.

पण रस्त्याच्या बाजूला गणित वेगळं होतं. तिथे कुर्ल्याकडचे जुने दुकानदार होते, त्यांच्या मोठ्या जागा होत्या आणि नियम सगळ्यांना 225 चौरस फुटांचा. त्यांचं म्हणणं की आमचं नाव चुकीचं लागलंय, आमचा धंदा या आडबाजूच्या इमारतीत चालणार नाही. तक्रार कुठे करायची? ज्या संस्थेने सर्वे केला तिच्याकडेच. जी संस्था सरकारचं काम घेते तीच आमची बाजू मांडणारी आणि तीच आमची तक्रार ऐकणारी, मग माणूस जाणार कुठे. वॉर्डातल्या नगरसेवकाला विचारलं तर तो म्हणे माझ्या हातात काही नाही, हा एमएमआरडीएचा, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा विषय. महापालिका निवडून आलेली, पण या प्रकल्पात ती कडेला होती. शेवटी 2004 मध्ये हे लोक, वर शहादा रोड यांनी लिहिलेल्या त्याच तपासणी मंडळाकडे गेले. डिसेंबर 2005 ला चौकशीचा अहवाल आला, बँकेने आपलेच नियम पाळले नाहीत, बाधितांचा आकडा कमी धरला, दुकानदारांचा विचार नीट केला नाही, एवढा भार संस्थांवर टाकला पण त्यांची तेवढी कुवत आहे का बघितलं नाही असे ताशेरे होते. मार्च 2006 ला बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचे पैसे काही महिने थांबवले. पैसे थांबल्यावर मात्र आमच्याकडे अधिकारी यायला लागले.

आम्हाला मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये, म्हणजे पुनर्वसनाच्या वसाहतीत, घर मिळालं तेव्हा मी शाळेत होते. पक्कं घर मिळालं हे खरंय, त्याबद्दल मी वाकडं बोलणार नाही. पण शाळा, दवाखाना, आईचं धुण्याभांड्याचं काम सगळं लांब राहिलं आणि हे कुणालातरी आधी विचारता आलं असतं. संस्था वाईट असतात असं मी अजिबात म्हणत नाहीये, मी आज स्वतः एका संस्थेत काम करते. माझं म्हणणं इतकंच आहे की संस्थेने सरकारचं कंत्राट घेतलं की ती लोकांच्या वतीने बोलणारी राहत नाही. तुमच्या भागातल्या संस्थेला पहिला प्रश्न हाच विचारा, या प्रकल्पात तुम्हाला पैसे मिळणार आहेत का. मिळणार असतील तर त्यात गैर नाही, पण मग तुमचा आवाज म्हणजे तुमची पंचायत, ती नाही.

बालाघाटकर:

ताई, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. हा प्रश्न मी त्यांना विचारणार. काका, म्हणजे आता घटक ठरून गेलेत तर आम्ही काहीच करू शकत नाही का? आणि असं एखादं उदाहरण आहे का जिथे गावाला खरंच आधी विचारलं आणि पैसा नंतर आला?

प्रवरा_खोरं:

आहे ना, आमच्याकडचंच आहे. भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम. नगर जिल्ह्यातल्या लोकांना फादर बाकर हे नाव सांगायला नको, स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट, हरमन बाकर, आयुष्य इथल्या दुष्काळी गावांत घालवलं. त्यांच्या कल्पनेतून हा कार्यक्रम उभा राहिला, जर्मनीचे पैसे, नाबार्ड आणि 1993 ला स्थापन झालेली वॉटर (WOTR) ही पाणलोटात काम करणारी संस्था. एका सरकारने दुसऱ्या सरकारला दिलेले पैसे आणि तरी दार उघडणारी किल्ली गावाकडे होती, ती कशी ते सांगतो.

गावाने ग्रामसभेत ठराव करायचा की आम्हाला हे करायचंय, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळू, श्रमदान करू. हे झाल्याशिवाय पुढे काही नाही. मग लगेच सगळा निधी नाही, आधी क्षमता बांधणीचा टप्पा, वर्ष दीड वर्ष, त्यात डोंगराच्या एका छोट्या तुकड्यावर काम करून दाखवायचं, समतल चर खणायचे, हिशोब ठेवायचे, भांडणं मिटवायची. त्यात गाव उतरलं तरच मोठा टप्पा. आणि आखणी म्हणजे शिवारातल्या प्रत्येक गटावर शेतकरी नवरा बायको दोघांना घेऊन जायचं, बांध कुठे घालायचा, या उताराला काय लावायचं हे तिथे उभं राहून ठरवायचं. नेट प्लॅनिंग म्हणायचे त्याला. दरेवाडीला जाऊन बघा कुणीही, संगमनेर तालुक्यात.

यात सगळ्यात शहाणपणाची गोष्ट मला ही वाटते की देणाऱ्याने वेळ दिला. बाकी योजनांमध्ये मार्चएंडला पैसे संपवायचे असतात म्हणून गावाला पंधरा दिवसांत समिती करा म्हणतात. इथे गावाला वर्ष दिलं आणि नाही जमलं तर थांबायची मोकळीक दिली. त्यातूनच पुढे नाबार्डमध्ये पाणलोट विकास निधी झाला आणि ती पद्धत दुसऱ्या राज्यांत गेली. म्हणजे गावात जे सिद्ध झालं ते धोरणात गेलं, खालून वर. अडचण पण होती, मेंढपाळ आणि भूमिहीन यांना चराईबंदी जड गेली, ज्यांच्याकडे शेळ्यांशिवाय काही नव्हतं त्यांनी काय करायचं? काही गावांनी डोंगराचा थोडा भाग आळीपाळीने मोकळा ठेवून त्यातून वाट काढली, काहींना नाही जमलं. गाव म्हणजे एकच मत असं कधी नसतं, ग्रामसभेत मागे बसलेल्यांना बोलतं करायला कुणीतरी लागतं आणि तिथे संस्थेचं खरं काम आहे.

अॅड_कोकणकन्या:

कायद्याच्या बाजूने थोडं. काही करू शकत नाही असं अजिबात नाही. एक गोष्ट सांगते, ग्रामपंचायत सदस्य आहात म्हणून तुम्हाला आवडेल. गुजरातमध्ये कच्छला मुंद्र्याजवळ नवीनाळ म्हणून गाव आहे. तिथे 4,000 मेगावॉटचा कोळशाचा वीज प्रकल्प झाला, त्याला आयएफसीने, म्हणजे जागतिक बँक गटातल्या खासगी उद्योगांना कर्ज देणाऱ्या संस्थेने, 2008 ला 45 कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं. मच्छीमारांचं म्हणणं की गरम पाणी खाडीत सोडल्याने मासळी गेली, कोळशाची धूळ सुकत घातलेल्या मासळीवर बसते. मच्छीमारांच्या संघटनेने आधी आयएफसीच्याच लोकपालाकडे तक्रार केली, त्याने 2013 ला आयएफसीच्या विरोधात ताशेरे मारले, पण आयएफसीने फारसं काही केलं नाही. मग 2015 मध्ये काही मच्छीमार, शेतकरी, त्यांची संघटना आणि नवीनाळची ग्रामपंचायत यांनी थेट अमेरिकेच्या कोर्टात दावा टाकला. ग्रामपंचायत! आयएफसी म्हणाली आम्ही आंतरराष्ट्रीय संस्था, आमच्यावर दावा चालतच नाही. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि फेब्रुवारी 2019 मध्ये 7 विरुद्ध 1 मतांनी निकाल लागला की अशा संस्थांना सरसकट संरक्षण नाही. पुढे खालच्या कोर्टाने दुसऱ्या मुद्द्यावर, की मूळ घटना अमेरिकेत घडलेली नाही, दावा फेटाळला आणि 2022 ला तो विषय तिथे संपला. गावाला नुकसानभरपाई मिळाली नाही हे खरं. पण सात दशकं जे कवच कुणी भेदलं नव्हतं त्याला या मंडळींनी भोक पाडलं, आणि जगातल्या प्रत्येक विकास बँकेच्या वकिलाला आता नवीनाळचं प्रकरण वाचावं लागतं.

आता तुमच्या कामाचं. कर्ज जागतिक बँकेचं असेल तर 2018 च्या ऑक्टोबरपासून त्यांची नवीन पर्यावरण आणि सामाजिक चौकट लागू आहे, तिच्यात लोकांशी संवादाचा आराखडा बनवणं आणि तक्रार निवारणाची व्यवस्था ठेवणं कर्जदारावर बंधनकारक आहे. तो आराखडा जाहीर कागद असतो, बँकेच्या वेबसाइटवर प्रकल्पाच्या नावाने शोधलात तर सापडतो, सोबत मूल्यमापनाचं मोठं दस्तऐवज आणि कर्ज करार पण. तो उघडून बघा, तुमच्या तालुक्यात किती बैठका, कुणाशी, कुठल्या भाषेत असं लिहिलंय आणि प्रत्यक्षात काय झालं. फरक असेल तर तोच तुमचा मुद्दा. तपासणी मंडळाकडे कुठल्याही भाषेत अर्ज करता येतो, मराठीत चालतो, नाव गुप्त ठेवायची विनंती करता येते, फक्त आधी बँकेच्या अधिकाऱ्यांकडे विषय मांडलेला असायला हवा. 2020 च्या बदलानंतर प्रकल्प बंद झाल्यावर 15 महिन्यांपर्यंत मुदत आहे. एडीबी (आशियाई विकास बँक), जायका (जपानची मदत संस्था) यांच्या स्वतःच्या वेगळ्या यंत्रणा आहेत. पण हे शेवटचं हत्यार आहे आणि ते नुकसानीसाठी आहे, पाझर तलावासाठी तिथे जाऊ नका.

ब्रेमेनहून_पुणेकर:

मी जर्मनीत एका शहराच्या प्रशासनाशी संबंधित काम करतो म्हणून एक बाजू घालतो. इथे शहरं आणि राज्यं स्वतःचं विकास सहकार्य करतात. ब्रेमेन आणि पुण्याचं नातं चाळीसेक वर्षं जुनं आहे आणि ते मुळात नागरिकांच्या गटांनी धरून ठेवलेलं आहे. नागपूर महापालिका आणि कार्लसरूह शहर यांची अलीकडे युरोपियन युनियनच्या कार्यक्रमातून भागीदारी झाली. अशा ठिकाणी नगर अभियंता नगर अभियंत्याशी बोलतो, मध्ये मंत्रालय कमी असतं, आणि मी जे बघतो त्यात प्रश्न पटकन जमिनीवर येतो.

जागतिक पातळीवर 2011 मध्ये दक्षिण कोरियात बुसानला विकास मदतीबद्दल जी परिषद झाली तिच्यानंतर जी भागीदारी बनली तिच्या सुकाणू समितीत स्थानिक सरकारांना आणि नागरी संघटनांना जागा आहे. शाश्वत विकास ध्येयांचा आढावा देशांनी संयुक्त राष्ट्रांत मांडायचा असतो, पण न्यूयॉर्क शहराने 2018 ला स्वतःचा वेगळा मांडला आणि मग बरीच शहरं पुढे आली, भारतात भोपाळने 2023 ला पहिल्यांदा केलं. महाराष्ट्रातलं एकही शहर पहिलं नव्हतं याची मला खंत आहे, आपल्याकडे महापालिका आणि संस्था दोन्ही तगड्या असताना. तुमच्या पंचायतीत पण ही ध्येयं आलीयेत बघा, विकास आराखडा करताना नऊ संकल्पना देतात, जलसमृद्ध गाव, बालस्नेही गाव वगैरे, त्या तिथूनच आल्यात. वरून खाली येण्याचा रस्ता तयार आहे. खालून वर जायचा अजून नाही, आपण आराखडा पोर्टलवर भरतो आणि तो कुठल्या कर्ज प्रस्तावाला जोडला जात नाही.

संस्थांबद्दल एक राहिलं. 2020 मध्ये परकीय निधी कायद्यात बदल झाला, मोठ्या संस्थेने परदेशातून आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी आली, कार्यालयीन खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. याने सगळ्यात जास्त मार बसला तो तालुक्यातल्या छोट्या संस्थांना, ज्यांच्याकडे इंग्रजीत अर्ज लिहायला माणूस नसतो आणि ज्या मोठ्या संस्थेच्या आधाराने काम करायच्या. मग परदेशी देणाऱ्यांच्या टेबलावर भारताची नागरी संघटना म्हणून बसतात त्या दिल्ली मुंबईतल्या मोजक्या. मानखुर्दवाली ताईंचा प्रश्न अजून तीव्र होतो यामुळे.

बालाघाटकर:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. माझं असं ठरलंय की वेबसाइटवरून तो संवाद आराखडा काढतो, माझा मेहुणा इंग्रजी वाचून देईल, आणि येत्या ग्रामसभेत विषय घेतो. संस्थेला पण बोलावतो, पण ग्रामसभेत, सगळ्यांसमोर. पाझर तलावाचं मात्र अजून कळलं नाही की कुठे आणि कसं मांडू.

निवृत्त_पाणीपुरवठा:

बालाघाटकर, घटक ठरले असले तरी गाव आराखडा अजून व्हायचा असेल ना? तिथे जागा असते. बहुतेक योजनांमध्ये मृद व जलसंधारण असा एक ढोबळ घटक असतोच आणि त्यात दुरुस्ती बसते का हे मार्गदर्शक सूचना वाचल्यावर कळतं, सल्लागाराच्या तोंडी उत्तरावर थांबू नका. असं करा, आधी महिला ग्रामसभेत विषय घ्या, पाणी आणायला कोण जातं ते त्यांना विचारा. मग मोठ्या ग्रामसभेत ठराव, त्यात तलावाचा गट नंबर, आत्ता किती महिने पाणी टिकतं, गाळ किती साचलाय, भरावाला गळती कुठे आहे, खाली किती विहिरी आहेत, हे सगळं लिहा. शाखा अभियंत्याकडून ढोबळ अंदाजपत्रक घ्या, नाही म्हणाले तरी मागत राहा. कोरम पूर्ण आहे हे इतिवृत्तात दिसू द्या. हाच तलाव ग्रामपंचायत विकास आराखड्यात पण टाका, म्हणजे कर्जाच्या योजनेत नाही बसला तर दुसऱ्या निधीतून मागायला कागद तयार राहतो. ठरावाची प्रत प्रकल्प कार्यालय, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि तुमच्या आमदारांना, प्रत्येक ठिकाणी आवक शिक्का घ्या. शेजारच्या दोन चार गावांचा पण असाच प्रश्न असेल तर त्यांचे ठराव एकत्र न्या, एका गावाची सूचना नोंदवून घेतात, पाच गावांच्या ठरावावर टिपणी तयार करायला लागते. अंदाजपत्रकाचा नमुना मला मेसेज करा, मी आकडे तपासून देतो.